मानसिक आरोग्याच्या संस्थांचे विश्वस्त



सार्वजनिक संस्थेचा वार्षिक अहवाल हाती आला म्हणजे त्याचे पहिले पान आपण बहुधा न वाचताच उलटतो. त्या पानावर अध्यक्ष, उपाध्यक्ष, चिटणीस, खजिनदार आणि सभासद यांची नावे पदव्यांसह छापलेली असतात. आपले लक्ष असते ते आतील छायाचित्रांकडे, फार तर शेवटी दिलेल्या जमाखर्चाकडे. आज मी जे बोलणार आहे ते त्या दुर्लक्षित पहिल्या पानाविषयी. आणि तेही एका विशिष्ट प्रकारच्या संस्थेच्या. मनोरुग्णांसाठी आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठी गावाने, शहराने किंवा समाजाने चालविलेल्या संस्थेचे कार्यकारी मंडळ कोणाचे असावे, आणि त्याने करावे तरी काय, असा आजचा विषय आहे.

हा प्रश्न इतर संस्थांच्या बाबतीत एवढा तीव्र नसतो. वाचनालयात हवे ते पुस्तक मिळाले नाही तर वाचक ग्रंथपालाशी भांडतो. शाळेत मुलाला मार बसला तर त्याचा बाप दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांच्या दारात उभा राहतो. परंतु मनोरुग्णाने तक्रार केली तर? ‘मला येथे उपाशी ठेवतात’ असे तो म्हणाला, तर ते त्याच्या आजाराचेच एक लक्षण म्हणून नोंदले जाण्याचा संभव असतो. ज्याची तक्रारच रोगात जमा होते, त्याच्यासाठी संस्थेत एक तरी जागा अशी असावी लागते, की जेथे त्याचा शब्द शब्द म्हणून ऐकला जाईल. ती जागा म्हणजे कार्यकारी मंडळ. ते बहिरे असेल तर त्या इमारतीत दुसरा कान नाही.

अशा मंडळांचा आधुनिक इतिहास ज्या गृहस्थापासून सुरू झाला असे मानतात, तो डॉक्टर नव्हता, धनिक नव्हता, राजकारणीही नव्हता. तो स्वतः मनोरुग्ण होता. क्लिफर्ड बीअर्स हे त्याचे नाव. अमेरिकेतील न्यू हेवन या गावी १८७६ साली त्याचा जन्म झाला, आणि तेथल्याच येल विद्यापीठातून १८९७ मध्ये तो पदवीधर झाला. थोरल्या भावाला अपस्माराचे झटके येत. आपल्यालाही तेच होणार, या धास्तीने त्याला ग्रासले आणि १९०० च्या उन्हाळ्यात त्याने राहत्या घराच्या खिडकीतून उडी टाकली. जीव वाचला; मन मात्र हरवले. पुढील तीन वर्षे त्याने तीन निरनिराळ्या संस्थांत काढली. पहिली नफ्यासाठी चालविलेली खाजगी, दुसरी धर्मादाय, तिसरी सरकारी. हात जखडणारा डगला, थंडगार कोठडी, शुश्रूषकांचे ठोसे हे सर्व त्याने अनुभवले. आणि सर्वांत विलक्षण गोष्ट अशी की त्याने ते लक्षात ठेवले.

त्याच्या आजाराचे एक लक्षण असे होते, की भेटीला येणारे आपले आप्त हे खरे आप्त नसून त्यांचे वेष घेतलेले पोलिसांचे हेर आहेत, अशी त्याची पक्की समजूत झाली होती. तिची परीक्षा त्याने स्वतःच योजली. भावाच्या घरच्या पत्त्यावर त्याने गुपचूप एक पत्र धाडले, की भेटीस येशील तेव्हा हेच पत्र बरोबर आण. ऑगस्ट १९०२ च्या अखेरीस भाऊ आला, त्याने खिशातून ते पत्र काढून दाखविले, आणि दोन वर्षे उभी असलेली भ्रमाची भिंत त्या एका क्षणात कोसळली. आजार तेवढ्याने संपला नाही, हे खरे. उन्मादाची अवस्था पुढे होतीच. तरी मला या प्रसंगाचे महत्त्व फार वाटते. अत्यंत आजारी असलेल्या त्या माणसाच्या ठिकाणीही पुरावा मागण्याची आणि मिळालेला पुरावा मान्य करण्याची शक्ती शिल्लक होती. शुद्धीवर असलेल्या कित्येक विश्वस्तांच्या ठिकाणी ती असतेच असे नाही.

१९०३ मध्ये बीअर्स बाहेर पडला. नोकरी करता करता त्याने आपल्या अनुभवांचे पुस्तक लिहिले आणि ते १९०८ साली प्रसिद्ध केले. मात्र छापण्यापूर्वी त्याने हस्तलिखित घेऊन मोठमोठ्या लोकांचे उंबरठे झिजविले. तत्त्वज्ञ विल्यम जेम्स यांनी त्याची वाखाणणी करणारे पत्र दिले, ते पुस्तकाच्या आरंभी छापले गेले. मनोविकारशास्त्रातील अग्रणी अॅडॉल्फ मायर यांनी सल्ला दिला, आणि चळवळीला ‘मेंटल हायजीन’, म्हणजे मानसिक आरोग्य, हे नावही त्यांनीच सुचविले. ६ मे १९०८ रोजी न्यू हेवन येथे कनेक्टिकट राज्यापुरती संस्था स्थापन झाली. १९ फेब्रुवारी १९०९ रोजी न्यूयॉर्कमध्ये राष्ट्रीय समिती निघाली. बीअर्स तिचा चिटणीस झाला, आणि पुढे तीस वर्षे त्याच पदावर राहिला.

आता या राष्ट्रीय समितीचे पहिले पान पाहा. त्यावर प्राध्यापक आहेत, नामांकित वैद्य आहेत, विल्यम जेम्स आहेत, समाजसेविका ज्यूलिया लॅथ्रॉप आहेत. थोडक्यात, ज्यांच्या नावाने दारे उघडतात अशी माणसे आहेत. बीअर्सने ती नावे मोठ्या चिकाटीने मिळविली होती, कारण त्याला एक गोष्ट पक्की कळून चुकली होती : कालपर्यंत कोठडीत असलेल्या माणसाच्या शब्दावर कोणी एक डॉलरही देणार नाही, त्या शब्दाला दुसऱ्याच्या अब्रूचे तारण हवे. हे तारण त्याने मिळविले, त्याबद्दल त्याला दोष देणारा मी कोण? पण तारण देणारा हळूहळू मालक होतो, हा सावकारीतला अनुभव येथेही यायचा होता.

पहिला खटका उडाला तो मायर यांच्याशी. मायर यांचे म्हणणे असे, की देशभर डांगोरा पिटण्यापूर्वी एखाद्या लहानशा टापूत काम करून दाखवावे. तेथले रुग्ण, तेथली घरे, तेथल्या शाळा यांचा नीट अभ्यास करावा आणि मग पाऊल पुढे टाकावे. बीअर्सला घाई होती. त्याला राष्ट्र हवे होते. शिवाय नेतृत्व तज्ज्ञाचे की ज्याने भोगले त्याचे, हा न बोललेला वाद दोघांच्या मध्ये उभा होताच. अखेर मायर समितीतून बाहेर पडले. मायर यांची योजना आज वाचली तर अधिक शहाणपणाची वाटते, असे माझे मत आहे. परंतु ज्याने ती कोठडी आतून पाहिली त्याच्या घाईला शहाणपणाच्या मापाने मोजणेही बरोबर नव्हे.

पैशाची चणचण एवढी होती की बीअर्स स्वतः कर्जात बुडाला. मग हेन्री फिप्स या उद्योगपतीने ५०,००० डॉलरची देणगी जाहीर केली आणि समितीचे काम मार्गी लागले. १९१२ साली टॉमस सामन नावाचे कर्तबगार डॉक्टर येऊन मिळाले. पुढे त्यांचे वेतन रॉकफेलर प्रतिष्ठान देऊ लागले. काम वाढले, पाहण्या झाल्या, पहिल्या महायुद्धातील सैनिकांच्या मनोविकारांकडे लक्ष गेले, बालमार्गदर्शन केंद्रे निघाली. १९३० साली वॉशिंग्टनमध्ये आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि त्या परिषदेत बीअर्सचा मोठा सन्मान झाला. हे सारे चांगलेच होते. पण मोठ्या देणगीदारांची रुची प्रतिबंधाकडे, संशोधनाकडे, लहान मुलांकडे होती. आणि ज्या कोठड्यांतून ही चळवळ उगवली त्या कोठड्यांतील माणसे विषयपत्रिकेवर खाली खाली सरकत गेली. हे कोणी दुष्टपणाने केले नाही. सभेत जो विषय मांडणारा कोणी नसतो तो विषय ‘वेळेअभावी पुढील सभेवर’ जातो, एवढेच.

बीअर्स १९३९ मध्ये निवृत्त झाला. त्याच वर्षी आजार उलटला आणि तो प्रॉव्हिडन्स येथील बटलर रुग्णालयात दाखल झाला. तेथेच जुलै १९४३ मध्ये त्याचे निधन झाले.

त्यानंतरची हकीकत आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक बोलकी आहे. दुसऱ्या महायुद्धात सद्‌सद्‌विवेकबुद्धीने शस्त्र धरण्यास नकार देणाऱ्या तरुणांपैकी पुष्कळांना अमेरिकन सरकारने मनोरुग्णालयांत शुश्रूषक म्हणून कामास लावले. धर्मनिष्ठ, बहुधा सुशिक्षित अशी ही मुले. एकेका पाळीला एकाच्या हाती शेकडो रुग्ण, ही तेथली तऱ्हा. त्यांनी जे पाहिले ते लिहून ठेवले; १९४६ साली ‘लाइफ’ साप्ताहिकात त्याचा गाजलेला वृत्तांत छायाचित्रांसह आला आणि देश हादरला. म्हणजे राष्ट्रीय समितीला सदतीस वर्षे झाली होती, परिषदा झाल्या होत्या, अहवाल निघाले होते, आणि तरीही कोठडी बहुतांशी होती तशीच होती. ती जगाला दाखविली तज्ज्ञांनी नव्हे, तर झाडू आणि मलपात्रे हाताळणाऱ्यांनी. त्या तरुणांनी आपली स्वतंत्र संस्था काढली. १९५० साली ती संस्था, बीअर्सची जुनी समिती आणि आणखी एक संस्था अशा तिन्हींचे एकीकरण झाले. या नव्या संस्थेने रुग्णालयांतून काढून टाकलेल्या बेड्या व साखळदंड गोळा केले आणि १९५३ मध्ये बाल्टिमोरच्या भट्टीत ते वितळवून त्यांची तीनशे पौंड वजनाची घंटा ओतली. ‘मेंटल हेल्थ अमेरिका’ हे नाव २००६ पासून धारण करणाऱ्या या संस्थेची ती आजही खूण आहे.

घंटा सुंदर आहे. पण घंटेने मंडळ बदलत नाही. ते बदलायला कायदा लागला, आणि कायद्याच्या आधी दंगा लागला.

३१ ऑक्टोबर १९६३ रोजी अध्यक्ष केनेडी यांनी सामुदायिक मानसिक आरोग्य केंद्रांच्या कायद्यावर सही केली. दूरच्या प्रचंड रुग्णालयांऐवजी प्रत्येक ७५,००० ते २,००,००० वस्तीच्या टापूला एक केंद्र, तेथेच दाखल करण्याची सोय, बाह्यरुग्ण विभाग, दिवसापुरती शुश्रूषा, चोवीस तास तातडीची मदत आणि लोकशिक्षण, अशी ती योजना होती. योजनेच्या नावातच ‘समुदाय’ हा शब्द होता. पण समुदाय म्हणजे कोण, हे फारसे कोणी ठरविले नव्हते. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातील लिंकन रुग्णालयाच्या मानसिक आरोग्य विभागात वस्तीतल्याच गरीब कृष्णवर्णीय व पोर्टोरिकन लोकांना सहायक म्हणून नेमले होते. लोकांच्या घरी जाणारे ते, भाषा समजणारे ते, आणि निर्णय मात्र वैद्यकीय महाविद्यालयाच्या तज्ज्ञांचे! मार्च १९६९ मध्ये या कर्मचाऱ्यांनी तो विभागच ताब्यात घेतला आणि कारभारात वस्तीचा वाटा मागितला. त्यांचे सारेच वागणे समर्थनीय होते असे मी म्हणत नाही. पण त्यांनी विचारलेला प्रश्न बिनतोड होता : आमच्या दुःखाची संस्था, आणि तिच्या मंडळावर आम्हीच नाही, हे कसे?

याचे उत्तर १९७५ च्या कायद्यात मिळाले. तो कायदा अध्यक्ष फोर्ड यांचा नकाराधिकार ओलांडून संमत झाला. त्यात केंद्राच्या नियामक मंडळाविषयी जे म्हटले आहे ते मला फार मार्मिक वाटते. मंडळ शक्य तोवर त्या टापूत राहणाऱ्यांचेच असावे. वय, व्यवसाय, स्त्री-पुरुष यांचा विचार करून ते तेथल्या लोकांचे प्रतिनिधित्व करणारे असावे. आणि निम्मे तरी सभासद वैद्यकीय सेवा पुरविणाऱ्या पेशाबाहेरचे असावेत. या मंडळाची कामे चार : महिन्यातून एकदा तरी भरणे, धोरण ठरविणे, वार्षिक अंदाजपत्रक मंजूर करणे आणि संचालकाच्या निवडीस संमती देणे. धोरण या सदरात केंद्र उघडे ठेवण्याच्या वेळा ठरविण्याचाही मुद्दाम उल्लेख होता. वाचताना वाटते, काय ही क्षुल्लक बाब! पण ज्याला दिवसभर गिरणीत उभे राहावे लागते, त्याच्या दृष्टीने दवाखाना सायंकाळी सहाला बंद होतो की आठला, हाच उपचार आहे. ते तज्ज्ञाला सुचले नसते. मजुराच्या बायकोला सुचले असते.

पुढे १९८१ मध्ये केंद्र सरकारने या योजनेचा थेट हात काढून घेतला. ठरविलेल्या दीड हजार केंद्रांपैकी निम्मीच काय ती उभी राहिली होती. पैसा नसेल तर उत्तम मंडळही दिवा लावू शकत नाही, हेही या कथेतून दिसतेच.

आता आपल्या घराकडे वळू. आपल्याकडे मंडळाची कल्पना मुळीच नवी नाही. १९१२ च्या जुन्या कायद्यानेच प्रत्येक मनोरुग्णालयाला किमान तीन ‘व्हिजिटर’, म्हणजे पाहणी करणारे, नेमावेत आणि त्यांपैकी दोघांनी तरी महिन्यातून एकदा एकत्र जाऊन पाहणी करावी असे सांगितले होते. १९८७ च्या कायद्याने ही संख्या पाचावर नेली आणि त्यांत दोन समाजकार्यकर्ते असावेत असे म्हटले. कागदावर हे सारे चोख होते. प्रत्यक्षात काय झाले ते ग्वाल्हेरच्या श्रोत्यांना सांगण्याची गरज नाही. तेथील मानसिक आरोग्यशाळा, रांचीची आणि आग्र्याची अशा तीन रुग्णालयांची दुरवस्था सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली, आणि ११ नोव्हेंबर १९९७ रोजी न्यायालयाने त्यांच्यावरील देखरेख राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाकडे सोपविली. त्या आयोगासाठी बंगळूरच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने देशातील ३७ सरकारी मनोरुग्णालयांची पाहणी केली. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालातून अनेक ठिकाणी तुरुंगासारख्या भिंती आणि तुरुंगासारखाच कारभार दिसून आला. महिन्याच्या महिन्याला पाहणी करण्याची तरतूद ऐंशीहून अधिक वर्षे अस्तित्वात होती. मग पाहणारे काय पाहत होते, असे विचारावेसे वाटते. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूत एरवाडी येथे एका खाजगी आश्रयस्थानाला आग लागली आणि साखळीने बांधलेले २८ मनोरुग्ण त्यात मरण पावले. तेथे तर पाहणाराच नव्हता.

पण आपल्या देशात याच्या अगदी उलट दाखलाही आहे. १९५० नंतरच्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉक्टर विद्यासागर यांनी रुग्णांच्या नातेवाइकांना घरी न पाठविता रुग्णालयाच्या आवारात तंबू ठोकून रुग्णांजवळ राहावयास सांगितले. आई, भाऊ, पत्नी रोज डॉक्टरांचे बोलणे ऐकत, शुश्रूषा शिकत आणि माणूस बरा झाला की त्याला घेऊन घरी जात. गोव्यात ‘संगत’ या १९९६ मध्ये निघालेल्या संस्थेने अलीकडच्या काळात असे दाखवून दिले, की वैद्यकीय पदवी नसलेली पण नीट शिकविलेली माणसे नैराश्याच्या रुग्णांना धीर आणि समुपदेशन उत्तम रीतीने देऊ शकतात. आणि पुण्याच्या ‘स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन’ या संस्थेला जन्म देणारे डॉक्टर जगन्नाथ वाणी हे मनोविकारतज्ज्ञ नव्हते. कॅनडात अध्यापन करणारे प्राध्यापक होते, आणि हा आजार त्यांच्या घरचा होता. याच संस्थेच्या पाठबळाने निघालेला ‘देवराई’ हा २००४ चा चित्रपट आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. ज्याचे जळते त्याला कळते, ही म्हण आपण सहज वापरतो. पण ज्याला कळते त्याला सभेला बोलवावे, एवढी पुढची पायरी आपण चढत नाही.

२०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा मे २०१८ मध्ये अमलात आला आणि ही पायरी त्याने निदान सरकारी प्राधिकरणांपुरती बांधली. राज्याच्या प्राधिकरणावर मानसिक आजार असलेल्या किंवा होऊन गेलेल्या व्यक्तींच्या वतीने दोघे, शुश्रूषा करणाऱ्या आप्तांच्या वतीने दोघे, स्वयंसेवी संस्थांचे दोघे असावेत, असे तो सांगतो. जिल्ह्याजिल्ह्यांसाठी जी पुनर्विलोकन मंडळे नेमावयाची, त्यांवर जिल्हा न्यायाधीशाच्या दर्जाचा अध्यक्ष, जिल्हाधिकाऱ्यांचा प्रतिनिधी आणि डॉक्टर यांच्या जोडीला आणखी दोन जागा आहेत. त्या जागा मनोरुग्णांसाठी किंवा आप्तांसाठी, किंवा त्यांच्या संघटनांच्या अथवा स्वयंसेवी संस्थांच्या प्रतिनिधींसाठी. हा ‘किंवा’ मला खटकतो. या एका अव्ययाच्या आडून दोन्ही जागांवर एखाद्या प्रतिष्ठित संस्थेचे प्रतिष्ठित पदाधिकारी येऊन बसू शकतात आणि कायदा मोडला असे कोणालाच म्हणता येत नाही.

हे झाले सरकारचे. आपल्या गावच्या संस्थेचे काय? बेळगाव असो, इंदूर असो, बडोदे असो, हैदराबाद असो, मराठी माणसाला मंडळ काढणे शिकवावे लागत नाही. वाचनालये, नाट्यमंडळे, गणेशोत्सव यांच्यावर आपल्या पिढ्यान् पिढ्या पोसल्या आहेत. मनोरुग्णांसाठी दिवसभराचे केंद्र काढावयाचे ठरले, की तीच माणसे तीच सवय घेऊन येतात. अध्यक्ष म्हणून एखादे वजनदार नाव, तेही मांडवाच्या शोभेपुरते. सारा भार एका चिटणिसावर. आणि वर्षातून एकदा पानसुपारी. वाचनालयात हे खपून जाते. येथे खपत नाही. आवश्यक ते सारे एका चिटणिसाच्या डोक्यात असले आणि तो आजारी पडला, तर औषधाची मागणी कोणी नोंदवावी, रात्री बिथरलेल्या मुलाच्या आईने कोणाला दूरध्वनी करावा, हे दुसऱ्या कोणालाच ठाऊक नसते.

आणखी एक दोष सांगतो, आणि तो भल्या माणसांच्या हातून घडतो. गावातील एकुलत्या एक मनोविकारतज्ज्ञालाच अध्यक्ष करतात. संस्थेतील रुग्ण त्याच्याच दवाखान्यात जातात. औषधेही त्याच्या शेजारच्याच दुकानातून येतात. डॉक्टर सचोटीचे असतील, नव्हे असतातच. पण उपचाराविषयी तक्रार असलेल्या बापाने ती कोणापुढे मांडावी? तज्ज्ञ मंडळावर अवश्य हवा. अध्यक्षाच्या खुर्चीत नको. तसेच मंडळाने रुग्णाच्या कागदपत्रांत डोकावू नये. अमक्याच्या सुनेला काय झाले आहे हे जाणून घेणे हे विश्वस्ताचे काम नव्हे. किती आले, किती सोडून गेले आणि का, कोणाला बांधून ठेवावे लागले का, आणि पैसा कोठे गेला, एवढे विचारणे हे मात्र त्याचेच काम. आणि ते त्याने भिडेस न पडता विचारावे.

आता कठीण भागाकडे येतो. ‘रुग्णाला किंवा त्याच्या आप्ताला मंडळावर घ्या’ असे येथे बसून सांगणे सोपे आहे. पण लहान गावात सारे सर्वांना ओळखतात. मंडळाच्या यादीत ज्या बाईचे नाव छापले, तिच्या घरात कोणाला काय आजार आहे याची चर्चा दुसऱ्या दिवशी नळावर होते. आणि तिच्या धाकट्या मुलीचे स्थळ तिसऱ्या दिवशी मोडते. ही भीती खोटी आहे असे म्हणण्याचा अधिकार ज्याच्या घरी लग्नाची मुलगी नाही त्याला नाही. म्हणून कोणाच्याही नावापुढे ‘रुग्णप्रतिनिधी’ असे छापू नये. तिचे नाव इतरांसारखेच छापावे. घ्यावयाचे तर एकाला घेऊ नये, दोघातिघांना घ्यावे. एकटा असला म्हणजे तो पाहुणा ठरतो आणि पाहुण्यासारखाच गप्प बसतो. शिवाय निवड मंडळाने करू नये, केंद्रात येणाऱ्या आप्तांनी आपल्यातून करावी. मंडळाने निवडला तर तो बहुधा सर्वांत कमी बोलणारा असतो.

आणि अशा सभासदाचा आजार उलटला तर? ही शंका मला प्रत्येक ठिकाणी दबक्या आवाजात विचारली जाते. विषमज्वर झालेल्या खजिनदाराला आपण जशी रजा देतो, तशी द्यावी. जागा तीच ठेवावी. बरा झाला की त्याने यावे. बीअर्सने ज्या समितीचे चिटणीसपद तीस वर्षे सांभाळले, तिच्या जन्मापूर्वी अवघी साडेपाच वर्षे तो रुग्णालयातून बाहेर पडला होता. आजच्या आपल्या कित्येक संस्थांच्या नियमावलीत ‘मनोविकार जडल्यास सभासदत्व रद्द’ असे एक जुने कलम धूळ खात पडलेले असते. कोणीतरी दुसऱ्या संस्थेची घटना नकलून घेताना तेही उतरून घेतलेले असते. मनोरुग्णांच्या संस्थेच्या घटनेत ते असावे, याहून मोठा विनोद मला माहीत नाही. येत्या सर्वसाधारण सभेत ते काढून टाकण्याचा ठराव पाच मिनिटांत होऊ शकेल.

सभेच्या वेळेविषयीही तेच. आपल्या मंडळांच्या सभा बहुधा अकरा वाजता, कामाच्या दिवशी, कोणाच्या तरी कचेरीत भरतात. निवृत्त अधिकाऱ्याला ती वेळ सोयीची. पण जिचा मुलगा केंद्रात येतो ती आई त्या वेळी दुसऱ्याच्या घरी पोळ्या लाटत असते. तिचा खाडा म्हणजे दिवसाची मजुरी. सभा रविवारी दुपारी, केंद्राच्याच जागेत ठेवावी. येण्याजाण्याचे भाडे संस्थेने द्यावे आणि ते सर्वांनाच द्यावे, म्हणजे कोणालाच हात पसरल्यासारखे वाटणार नाही. इतिवृत्त तिला वाचता येईल अशा मराठीत, आणि गावची भाषा कानडी, हिंदी किंवा गुजराती असेल तर त्याही भाषेत काढावे. आणि पहिल्या एकदोन सभांत ती काही बोलली नाही, तर तिसऱ्या सभेत अध्यक्षांनी विषयपत्रिका बाजूला ठेवून तिला एवढेच विचारावे, की बाई, केंद्राचे दार सकाळी किती वाजता उघडले तर तुम्हाला कामावर वेळेत जाता येईल?